लखनौला आलेलं जहाज

जुनं पदक हातात आलं की आपण आधी त्यावरचा राजा बघतो, नाहीतर राणी. मग ते उलटं करून मागचा सिंह बघतो आणि परत देऊन टाकतो. साताऱ्याच्या बाजूला, कोकणात, पणजोबांची पहिल्या महायुद्धातली पदकं जपून ठेवलेली घरं अजून आहेत आणि तिथंही पदक असंच बघितलं जातं. ज्याला पदकं वाचता येतात तो मात्र राजाकडे ढुंकून बघत नाही. तो पदक उजेडाकडे आडवं धरतो आणि त्याची कड वाचतो. राजा हजारो पदकांवर एकच असतो. माणूस सापडतो तो कडेवर, कारण तिथं त्याचं नाव ठोकलेलं असतं आणि त्यापुढे त्याची पलटण.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज आरमाराच्या पदकावर पुष्कळदा पलटणीच्या जागी जहाजाचं नाव असतं. शिवाय पदक ज्या फितीला लटकतं, त्या फितीवर चांदीची आडवी पट्टी असते. तिला इंग्रजीत क्लॅस्प म्हणतात, आपण पट्टीच म्हणू. तिच्यावर लढाईचं नाव कोरलेलं. म्हणजे कड सांगते की माणूस कुठला, आणि पट्टी सांगते की तो कुठे होता. एवढ्या दोन ओळींत शिपायाची सगळी नोकरी येते.

आता एक पदक डोळ्यांपुढे आणा. चांदीचं, पांढरी फीत, फितीवर दोन तांबडे उभे पट्टे. १८५७ च्या उठावाबद्दल इंग्रजांनी काढलेलं. ते त्याला बंडाचं पदक म्हणतात. आपण त्या घटनेला काय म्हणतो ते वेगळं सांगायला नको. या पदकाला दोन पट्ट्या आहेत. एकीवर 'लखनौची सुटका', दुसरीवर नुसतं 'लखनौ'. आणि कडेवर खलाशाच्या नावापुढे 'शॅनन'.

शॅनन हे जहाज. एक्कावन्न तोफांची, तीन डोलांची, वाफेचं इंजिन असलेली नवीकोरी फ्रिगेट. आणि लखनौपासून समुद्र नऊशे-हजार किलोमीटर दूर. गोमतीत होड्या चालतात, फ्रिगेट नाही. मग कडेवरचं नाव आणि पट्टीवरचं नाव एका पदकावर आलं कसं?

या प्रश्नाचं वरवरचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण तेवढ्यावर थांबण्यात मजा नाही. त्या काळातल्या खलाशांची पदकं जरा चाळली तर लक्षात येतं की ही विसंगती अपवाद नाही, तोच नियम आहे. खलाशाला पदक मिळतं ते बहुतेक वेळा तो समुद्रावर नसताना. हीच गोष्ट मला सावकाश उलगडून बघायची आहे, आणि तीही एकाच माणसाच्या छातीवरून.

त्याचं नाव विल्यम हॉल. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया म्हणून प्रांत आहे, तिथल्या हॉर्टन गावचा. जन्म १८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा. आईवडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून तिथे आले होते. १८१२ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज-अमेरिका युद्धात इंग्रज जहाजांनी बऱ्याच काळ्या गुलामांना अमेरिकेच्या किनाऱ्यावरून उचलून नोव्हा स्कोशियात आणून सोडलं, त्यांतलं हे कुटुंब. हॉल हे जग सोडून गेला तेव्हा त्याच्या नावावर चार पदकं होती: क्रिमियाचं इंग्रजी पदक, क्रिमियाचंच तुर्की पदक, वर सांगितलेलं १८५७ चं पदक, आणि शौर्यासाठीचा व्हिक्टोरिया क्रॉस. हा क्रॉस मिळवणारा तो जगातला पहिला काळा माणूस.

चारही पदकं पुन्हा मोजा. क्रिमियाच्या पदकावर पट्ट्या 'इंकरमन' आणि 'सेबास्टोपोल'. इंकरमन म्हणजे धुक्यातल्या टेकडीवर झालेली पायदळाची हाणामारी, ५ नोव्हेंबर १८५४ ची. सेबास्टोपोल हे बंदर खरं, पण त्याचा वेढा पडला तो जमिनीवरून, खंदकांतून. तुर्की पदक त्याच युद्धाचं. बाकी दोन लखनौची. पाव शतक आरमारात काढलेल्या या माणसाच्या छातीवर समुद्राचा एक थेंब नाही.

याला कारण आहे. नेपोलियन पडल्यावर इंग्रजांना दर्यावर तोलामोलाचा शत्रू उरला नाही. १८२७ साली ग्रीसच्या किनाऱ्यावर नवारिनोला शिडाच्या जहाजांची शेवटची मोठी लढाई झाली. त्यानंतर पुढची जवळजवळ नव्वद वर्षं या आरमारानं भर समुद्रात ताफ्याला ताफा भिडवून मोठी लढाई अशी दिलीच नाही. जगातलं सगळ्यात मोठं आरमार, आणि त्याला समुद्रावर काम काय, तर फिरत राहणं. चाचे पकडायचे, गुलामांची जहाजं अडवायची, नकाशे काढायचे, वकिलांना आणि गव्हर्नरांना इकडून तिकडे पोचवायचं. शिडं चढवायची, उतरवायची, डेक घासायचा, दोरखंड ओढायचे. वादळात परबाणावर चढलेला माणूस खाली पडला तर तो गेला. त्याची पट्टी निघत नाही. समुद्र हे रोजचं काम होतं, आणि रोजच्या कामाला पदक नसतं.

अगदीच नव्हतं असं नाही. १८३१ मध्ये चौथ्या विल्यम राजानं खलाशांसाठी दीर्घ सेवेचं आणि सद्वर्तनाचं पदक सुरू केलं होतं. सुरुवातीला त्यासाठी एकवीस वर्षं निष्कलंक नोकरी लागायची. त्या पदकावर नांगर कोरलेला असे. मला हे पदक फार बोलकं वाटतं, कारण ते काय केलं यासाठी नाही, काय केलं नाही यासाठी मिळतं. एकवीस वर्षं दारू पिऊन पडला नाही, पळून गेला नाही, वरिष्ठाला उलट बोलला नाही. समुद्रानं दिलेलं पदक असं, न घडलेल्या गोष्टींचं. घडलेल्या गोष्टी सगळ्या किनाऱ्यावर.

हॉलची सुरुवात गोदीत झाली. हॅन्ट्सपोर्टच्या जहाजबांधणीत हात काळे केले, मग व्यापारी जहाजावर गेला, मग मेक्सिकोच्या युद्धाच्या वेळी काही काळ अमेरिकन आरमारात. ज्या देशातल्या गुलामगिरीतून आईबाप निसटले त्याच देशाच्या झेंड्याखाली. १८५२ च्या फेब्रुवारीत तो लिव्हरपूलला इंग्रज आरमारात भरती झाला आणि 'रॉडनी' जहाजावर गेला. त्या वेळी खलाशाची नेमणूक आरमारात होत नसे, जहाजावर होई. फेरी संपली, जहाज रिकामं झालं की माणूस मोकळा. सलग दहा वर्षांचा करार सुरू झाला तो पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये. साध्या खलाशाला ठरावीक गणवेशही नव्हता. तो नेमका १८५७ मध्ये आला. म्हणजे हॉल नोकरीला लागला तेव्हा 'आरमारातला माणूस' ही ओळखच पुरती घडलेली नव्हती, 'अमक्या जहाजावरचा माणूस' ही होती. पदकाच्या कडेवर जहाजाचं नाव का, याचं हे एक कारण.

रॉडनी काळ्या समुद्रात गेलं. सेबास्टोपोलच्या बंदरात रशियनांनी आपलीच जहाजं बुडवून तोंड बंद केलं होतं, त्यामुळे इंग्रजांच्या जहाजांना तिथे भिडायला कुणी नव्हतं. आणि वेढा घालणाऱ्या पायदळाकडे जड तोफा पुरेशा नव्हत्या. तेव्हा जहाजांवरच्या तोफा उतरवल्या, त्या चालवणारी माणसंही उतरवली आणि डोंगरावर ओढून नेली. अशा तुकडीला 'नेव्हल ब्रिगेड' म्हणत. पुढच्या अर्ध्या शतकात हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो, झुलूलँडमध्ये, इजिप्तमध्ये, अगदी १८९९ च्या लेडीस्मिथच्या वेढ्यातही. तोफा जहाजाच्या, दोर जहाजाचे, शिट्टी जहाजाची, रमचा रोजचा घोट जहाजाचा. पाणी तेवढं नाही.

क्रिमियाच्या पदकाबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. त्याच्या पट्ट्या ओकच्या पानांच्या आकाराच्या, टोकाला फळ. दारूच्या काचेच्या सुरयांना नाव लिहिलेली चांदीची पाटी साखळीनं अडकवतात ना, तशाच त्या दिसतात असं शिपाई हसून म्हणत. आणि तुर्की पदकाचं तर विचारूच नका. इंग्रजांसाठी पाडलेली पदकं घेऊन येणारं जहाजच बुडालं. मग बऱ्याच इंग्रजांना सार्डिनियाच्या शिपायांसाठी पाडलेली पदकं देऊन वेळ मारून नेली. समुद्रानं त्या युद्धात एवढाच काय तो हिशोब चुकता केला.

१८५६ मध्ये हॉल शॅननवर गेला. कप्तान विल्यम पील, माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचा मुलगा. क्रिमियात हॉलसारखाच जमिनीवर लढलेला आणि त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला. हॉलचा हुद्दा 'कॅप्टन ऑफ द फोरटॉप'. हा हुद्दा वाचून फसायला होतं. हा कप्तान नव्हे. पुढच्या डोलावर अर्ध्या उंचीवर जी माची असते तिच्यावर काम करणाऱ्या खलाशांचा म्होरक्या, आपल्याकडच्या तांडेलाच्या जवळपासचा माणूस. काम उंचावरचं, वाऱ्यातलं. त्याची नेमणूक होती जमिनीपासून जास्तीत जास्त दूर असलेल्या जागी.

शॅनन निघाली होती चीनकडे. अफूच्या दुसऱ्या युद्धासाठी लॉर्ड एल्गिन तिच्यावरूनच गेले. वाटेतच हिंदुस्थान पेटल्याची बातमी आली, आणि एल्गिननी जहाज कलकत्त्याकडे वळवलं. ऑगस्ट १८५७ मध्ये शॅनन हुगळीत शिरली. तिथून पुढे ती जाऊ शकत नव्हती, म्हणून तिचं आतलं सगळं पुढे गेलं. पील चारशेहून अधिक माणसं आणि जहाजाच्या जड तोफा घेऊन नदीच्या आगबोटीनं, तिच्यामागे बांधलेल्या पडावांतून, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध अलाहाबादला निघाला. तिथून पुढे बैल आणि हत्ती. उंच परबाणावर शिडं बांधणारी माणसं आता दोआबच्या धुळीत तोफांच्या गाड्यांना खांदा देत होती. तरीही ती 'शॅनन'च होती. पहारे जहाजासारखे बदलत, हुकूम जहाजाचेच. पुढे लखनौच्या लढाईबद्दल सरसेनापती कॉलिन कॅम्पबेलनं वरिष्ठांना जो खलिता लिहिला त्यात त्यानं पीलच्या वागण्याला उपमा दिली ती शत्रूच्या फ्रिगेटला आपलं जहाज नेऊन भिडवणाऱ्या कप्तानाची. म्हणजे जहाज खरोखरच लखनौला आलं होतं. लाकूड आणि शिडं तेवढी मागे राहिली होती.

१६ नोव्हेंबर १८५७. लखनौच्या रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज वकिलाच्या आवारात, अडकलेल्या इंग्रजांना बाहेर काढायला कॅम्पबेल पूर्वेकडून शिरत होता. सकाळी सिकंदर बाग पडली. तिथल्या भिंतीआड जवळजवळ दोन हजार शिपाई मारले गेले. दुपारी वाटेत आडवी आली ती शाह नजफ. अवधचा पहिला राजा गाझीउद्दीन हैदर याची ही कबर, इराकातल्या नजफच्या दर्ग्यावरून बांधलेली. घुमट पांढरा, भोवती जाडजूड भिंत, भिंतीत जंग्या, प्रत्येक जंगीत बंदूक. हलक्या तोफांचे गोळे त्या भिंतीवर आपटून परत येत होते. तेव्हा पीलनं चोवीस पौंडी तोफा पुढे काढल्या.

चोवीस पौंडी म्हणजे गोळ्याचं वजन तेवढं, अकरा किलोच्या आसपास. तोफ स्वतः टनावारी. अशी तोफ एकट्यादुकट्यानं चालत नाही. नळी ओल्या कुंच्यानं विझवायची, दारूची थैली घालायची, सुंब्यानं ठासायची, गोळा घालायचा, पुन्हा ठासायचा, कान भरायचा, नेम धरायचा, बत्ती द्यायची. बार उडाला की तोफ धक्क्यानं मागे येते. मग सगळ्यांनी मिळून चाकांना आणि दोरांना लागून ती पुन्हा पुढे ढकलायची. प्रत्येक कामाला एकेक माणूस, आणि हात थांबता कामा नये. जहाजावर हे वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं असे. फरक एवढाच की जहाजावर गोलंदाजांच्या पुढे लाकडाची भिंत असते. इथे समोरची भिंत शत्रूची होती आणि यांच्या पुढे काहीच नव्हतं.

एका तोफेवर एक माणूस कमी होता. हॉल स्वतःहून तिथे गेला. ही जागा त्याची नव्हती. हे बारीक तपशीलवजा वाक्य मी दोनदा लिहीन, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे: ही जागा त्याची नव्हती. तोफ भिंतीच्या कोपऱ्याशी इतकी जवळ नेली की भिंतीवरच्यांना नेम धरायची गरजच उरली नाही. एकेक करून माणसं पडत गेली. शेवटी त्या तोफेशी उभे राहिले दोघे, लेफ्टनंट थॉमस यंग आणि विल्यम हॉल, आणि यंगही जबर जखमी. टोळीचं काम दोघांनी चालू ठेवलं. भरायचं, ठासायचं, डागायचं, ढकलायचं. म्हातारपणी हॉलनं सांगितलं की पुढे पुढे तोफ भिंतीच्या एवढी जवळ गेली की त्यांच्याच गोळ्यांनी उडालेल्या विटांचे तुकडे त्यांना लागतील अशी भीती वाटू लागली.

पुढची हकीकत बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: भिंतीला खिंडार पडलं, पायदळ आत घुसलं, शाह नजफ पडली. मला ही हकीकत फार नीटनेटकी वाटते. तीन-चार तास मारा करूनही ती जाड भिंत हटत नव्हती. दिवस कलायला लागला, कॅम्पबेल हात आखडता घेण्याच्या बेतात होता, खलाशांचे अग्निबाण माघारीला आडोसा म्हणून सुटत होते. तेवढ्यात हायलँडर पलटणीचा जॉन पेटन नावाचा सार्जंट भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याला तिथे आत जाता येईल अशी फट सापडली. लोक तिकडून शिरले तेव्हा आतले शिपाई गोमतीच्या बाजूनं निघून चाललेले होते. पेटनलाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाला भिंतीसमोरून न हलल्याबद्दल, दुसऱ्याला भिंतीमागे वाट सापडल्याबद्दल.

हॉलच्या शौर्यपत्रात मात्र खिंडाराचं नावच नाही, हे मला आवडतं. १ फेब्रुवारी १८५९ च्या लंडन गॅझेटमध्ये यंग आणि हॉल दोघांचं मिळून एकच वाक्य आहे. शाह नजफच्या कोपऱ्याशी नेलेल्या चोवीस पौंडी तोफेवरच्या शौर्याबद्दल, कै. कॅप्टन पील यांच्या शिफारशीवरून, एवढंच. भिंत पडली की नाही, याच्याशी त्या वाक्याला काही देणंघेणं नाही. त्या तोफेशी ते दोघे उभे होते, संपलं.

आणि कै. हा शब्दही जाता जाता टिपून ठेवावा. पील मार्चमधल्या लखनौच्या दुसऱ्या लढाईत मांडीत गोळी लागून जायबंदी झाला. खलाशांनी त्याच्यासाठी लखनौच्या राजाची एक बग्गी सजवून आणली. साध्या माणसासारखं डोलीतूनच जाईन, म्हणून त्यानं ती नाकारली. त्या डोलीत आधी देवीचा रोगी गेला होता म्हणतात. २७ एप्रिल १८५८ ला पील कानपूरला देवीनं गेला, वय तेहतीस. शिफारस लिहिणारा ती लिहायच्या आधीच गेला असता, तर हॉलचं काय झालं असतं हा प्रश्न मनात येतोच. शौर्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदारही मरणारच असतो.

शॅननच्या माणसांना लखनौचे चार क्रॉस मिळाले. यंग आणि हॉल, शिवाय लेफ्टनंट नॉवेल सामन आणि जॉन हॅरिसन नावाचा खलाशी. भिंतीलगतच्या एका झाडावर चढून आतल्यांवर गोळ्या झाडायला पीलनं स्वयंसेवक मागितले तेव्हा हे दोघे चढले. डोलावर चढणारे हात झाडावर चढले, यात नवल नाही. पण त्याच दिवशी, थोड्याच अंतरावर, सिकंदर बागेत आणखी कुणीतरी झाडावर होतं. लखनौची लोकपरंपरा सांगते की पिंपळावर बसून गोऱ्यांना टिपणारी ती पासी समाजातली उदा देवी, आणि ती गोळी लागून खाली पडली तेव्हाच ती बाई आहे हे कळलं. आज तिथे तिचा पुतळा आहे. एका झाडावरच्या दोघांना क्रॉस, दुसऱ्या झाडावरचीला लोकांची आठवण.

इथे माझ्या मूळ मुद्द्याला दुसरी बाजू येते. पदक मिळतं ते आपल्या जागेवर नसणाऱ्याला, असं मी म्हणत होतो. मग जो आपल्या जागेवर होता त्याचं काय? बंगाल आर्मीतले शिपाई मोठ्या संख्येनं अवधच्याच गावांतले. शाह नजफच्या जंगीमागे बंदूक धरून बसलेल्या माणसाचं घर कदाचित दोन दिवसांच्या चालीवर असेल. आणि पदकं त्यालाही नवी नव्हती. कंपनीनं सतलजच्या आणि पंजाबच्या लढायांची पदकं देशी शिपायांनाही दिली होती, तशीच चांदीची, तशीच राणीचं तोंड असलेली. म्हणजे तोही जोवर घरापासून लांब, पंजाबात, दुसऱ्याच्या मुलखात लढत होता तोवर पदकाला पात्र होता. घरच्या मातीवर उभा राहिला आणि पात्रता गेली. 'सुटका' हा शब्द चांदीत कोरला की केवढा निरागस दिसतो! कुणाची सुटका, कुणापासून, हे पट्टीवर मावत नाही.

त्या पदकाच्या पट्ट्या एकूण पाच: दिल्ली, लखनौचा बचाव, लखनौची सुटका, लखनौ आणि मध्य हिंदुस्थान. कानपूरची पट्टी नाही. कॅम्पबेल लखनौला गुंतला असताना तात्या टोपे ग्वाल्हेरची फौज घेऊन कानपुरावर चालून आले, आणि ६ डिसेंबरला शॅननच्या खलाशांच्या तोफा त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. खलाशांनी चोवीस पौंडी तोफ पुलावरून ओढत थेट पायदळाच्या पहिल्या फळीत नेली. एवढी जड तोफ अशी पळवत नेलेली पाहून पायदळवाले थक्क झाले. येवल्याचा तात्या आणि सातासमुद्रांपलीकडचे खलाशी कालव्याच्या काठी समोरासमोर, आणि त्या दिवसाची एकही खूण चांदीत नाही.

पाचवी पट्टी, 'मध्य हिंदुस्थान', आपल्या जास्त जवळची. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर इथल्या लढायांची. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या आणि त्यांत कोकणातले, देशावरचे शिपाई होते. म्हणजे झाशीच्या तटाबाहेर मराठी बोलणारा शिपाई उभा, तटाच्या आत तांब्यांची लेक राणी, आणि त्याच तटाच्या आत पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेले विष्णुभट गोडसे. इतके मराठी लोक आपापल्या जागेपासून इतक्या दूर एका गावात क्वचितच जमले असतील. बाहेरच्याला पट्टी मिळाली. आतल्या भटजींनी पुष्कळ वर्षांनी प्रवास लिहून काढला, तो १९०७ मध्ये छापून निघाला. पदकाच्या पट्टीवर दोन शब्द, गोडश्यांच्या वहीत सगळं शहर.

व्हिक्टोरिया क्रॉस देशी शिपायांना १९११ पर्यंत बंदच होता. त्यांच्यासाठी कंपनीनं १८३७ पासून वेगळं शौर्यपदक ठेवलं होतं. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. दोघांनाही इटलीत.

हॉलला त्याचा क्रॉस मिळाला २८ ऑक्टोबर १८५९ ला, आयर्लंडच्या क्वीन्सटाऊन बंदरात 'डोनेगल' जहाजाच्या डेकवर. काळसर ब्राँझचा, पाठीवर कोरलेली तारीख १६ नोव्हेंबर १८५७. हा ब्राँझ सेबास्टोपोलला पकडलेल्या रशियन तोफांचा असं सांगत. पुढे तपासणीत काही तोफा चिनी निघाल्या, ती गोष्ट वेगळी. फीत निळी. त्या काळी क्रॉसच्या फिती दोन रंगांच्या असत, लष्कराला किरमिजी आणि आरमाराला निळी. १९१८ नंतर सगळ्यांना एकच किरमिजी झाली. ज्या कृतीत पाण्याचा संबंध नाही तिच्यावर समुद्राचा रंग. माणूस कुठेही उभा राहो, फीत त्याला परत जहाजावर नेऊन बसवते. पदकासोबत वर्षाला दहा पौंड.

त्यानंतर हॉल आणखी सतरा वर्षं आरमारात होता. जहाजामागून जहाज. १८७६ मध्ये क्वार्टरमास्टर म्हणून, म्हणजे सुकाणूच्या पहाऱ्यावरचा जबाबदार माणूस म्हणून, निवृत्त झाला. या सतरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे ती चांगली गेली असावीत. मग तो नोव्हा स्कोशियाला परतला आणि बहिणींबरोबर शेती करत राहिला. १९०१ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, पुढचा पाचवा जॉर्ज, हॅलिफॅक्सला आला तेव्हा जुन्या शिपायांत हॉलही पदकं लावून हजर होता, आणि राजपुत्र त्याच्याशी बोलला. १९०४ च्या ऑगस्टमध्ये हॉल गेला. थडग्यावर दगडही नव्हता. एक्केचाळीस वर्षांनी, १९४५ मध्ये, त्याचे अवशेष हॅन्ट्सपोर्टच्या बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात आणून पुरले. ज्या गावच्या गोदीत त्यानं पहिल्यांदा लाकूड तासलं होतं, त्याच गावात. क्रॉस आता नोव्हा स्कोशिया प्रांताच्या संग्रहात आहे. २०१० मध्ये कॅनडानं त्याच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या आरमाराला एक नवीन गस्तीचं जहाज मिळालं, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात फिरण्यासाठी बांधलेलं. जुन्या पदकाच्या कडेवर हॉलच्या नावापुढे जहाजाचं नाव ठोकलेलं होतं. या जहाजाचंच नाव 'विल्यम हॉल' आहे.